हर्षालीच्या बाटलीतलं दही

हर्षालीचा वर्षभराचा प्रयोग मी सकाळी आळीत वाटला आणि दुपारी उकळतं पाणी ओतून मारून टाकला. हे तिला कळलं तेव्हा मी पडवीत बसून चिकू खात होते.

ती नुकतीच पालघरहून आली होती. पाठीवरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती. हातात काचेची रिकामी बाटली होती. ती बाटली मी स्वच्छ घासून उन्हात वाळवून ठेवली होती. (तेवढं तरी नीट करावं, म्हणून.)

“आजी, यातलं दही?”

“संपलं.”

“संपलं म्हणजे? खाल्लंस?”

“चमचाभर खाल्लं. बाकी आळीत विरजणाला दिलं.”

मला वाटलं, आता ही रडणार. पण तिचा चेहरा उलट उजळला.

“म्हणजे घराघरांत लागलंय? मग काय बिघडलं नाय. मी वाटी घेऊन फिरते आणि एकेका घरातून चमचाभर परत आणते.”

“आता नाय मिळायचं.”

“का?”

“मी सगळ्यांना त्यात उकळतं पाणी ओतायला लावलं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. कुंदा ओतत नव्हती, तर मी तिच्या चुलीपाशी उभी राहिले आणि ओतून घेतलं.”

हर्षाली खाली बसली. पाटावर नाही, बाकावर नाही, सरळ जमिनीवर. मी तिला एक चिकू पुढे केला. तो तिनं घेतला नाही.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत. पालघरजवळच्या आमच्या माहीमच्या मराठी शाळेत मी चार वर्षं पाटी घासली आणि मग वाडीत पानवेली बांधायला लागले. हर्षाली माझ्या मुलाची, भालूची मुलगी. पालघरच्या कॉलेजात बायोटेक की काय म्हणतात ते शिकते, दुसरं वर्ष. भालू बोईसरला एका कंपनीत कामाला जातो. सून त्या आठवड्यात माकुणसारला माहेरी गेली होती, तिच्या भावाच्या घरी लग्न होतं म्हणून. म्हणजे स्वयंपाकघर माझ्या हातात होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सून घरात असती तर मला लिहायला काही उरलं नसतं.

हर्षालीला कॉलेजात गेल्यापासून एकच वेड, जीन एडिटिंग. मी मासळी साफ करत असले की ही समोर मोरीच्या कठड्यावर बसून मोबाइलवरच्या बातम्या वाचून दाखवायची. अमक्या देशात टोमॅटोचं जीन बदललं. तमक्या ठिकाणी भाताचं बदललं. डुकराच्या जीनमध्ये फेरफार करून त्याचं मूत्रपिंड माणसाला लावलं.

“माणूस जगला?” मी विचारलं.

“काही दिवस जगला.”

“आणि डुक्कर?”

तिनं मोबाइल खाली ठेवला. “आजी, तुझे प्रश्न वेगळेच असतात.”

नुसत्या बातम्या वाचून तिचं भागत नव्हतं. एकदा तिनं माझ्या वाडीतली वेलची केळी घेतली, कुस्करली, त्यात मीठ आणि भांडी घासायचा साबण घातला, गाळलं आणि वरून थंड स्पिरिट ओतलं. ग्लासात पांढरे तंतू वर आले. ते काडीवर गुंडाळून माझ्या नाकासमोर धरत ती म्हणाली, “आजी, हा डीएनए. केळ्याला केळं कसं व्हायचं ते यात लिहिलेलं असतं.”

मी चष्मा लावून पाहिलं. सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली असतं तसं काहीतरी होतं. मी तसं म्हटलं. तिला राग आला. मला केळ्यांचा आला. (ती सत्यनारायणासाठी ठेवलेली होती. भटजींना त्या दिवशी मी पेरू वाहायला लावले.)

मग तिनं दह्याचा प्रयोग काढला. तो मला बऱ्यापैकी समजला होता, म्हणून सांगते. दही लावणारे जंतू असतात. त्या जंतूंनाही आजार होतो, त्यांचे वेगळे व्हायरस असतात. ते व्हायरस दुधात शिरले की जंतू मरतात आणि दही लागत नाही. पण त्यातून एखाददुसरा जंतू वाचतो. तो काय करतो, तर व्हायरसचा एक तुकडा कापून आपल्या पोटात जपून ठेवतो. पुन्हा तोच व्हायरस आला की त्या तुकड्याशी ताडून पाहतो, ओळखतो आणि कात्रीनं त्याचे तुकडे करतो.

“जसे पोलीस ठाण्यात चोरांचे फोटो लावतात,” ती म्हणाली.

“म्हणजे आपल्या दह्यात पोलीस ठाणं हाय.”

“हाय. आणि त्या पोलिसांची जी कात्री ना, तीच आता शास्त्रज्ञ वापरतात. जीनमध्ये जिथं चूक असेल तिथं बरोबर कापायला. आधी ही गोष्ट दह्याच्या जंतूंतच नीट समजली.”

मी साठ वर्षं दही लावते आहे. कुणी मला काही बोललं नव्हतं.

तर हर्षालीनं काय केलं, कॉलेजात दह्याच्या जंतूंवर व्हायरस सोडला. सगळे मेले. पुन्हा केलं. पुन्हा मेले. असं तिचं वर्ष गेलं. दर वेळी घरी येऊन सांगायची, “आज पण मेले,” आणि मी म्हणायची, “जेव.” शेवटी एकदाचे थोडे वाचले. वाचलेल्यांना तिनं दूध घालून वाढवलं. तेच ते बाटलीतलं दही.

त्या दह्यावर तिचं काय अडलं होतं तेही सांगते. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत उन्हाळ्याचं शिक्षण असतं, तिथं सिकलसेलवर काम चालतं. हर्षालीची बाकावरची मैत्रीण सुरेखा विक्रमगडकडची. तिला सिकलसेल आहे. रक्तातल्या जीनमध्ये एका अक्षराची चूक, त्यानं ती मुलगी महिन्यातून कितीतरी दिवस हातपाय धरून पडलेली असते. परदेशात हा आजार जीन एडिटिंगनं बरा करतात, अशी बातमी या दोघींनी मोबाइलवर इतक्या वेळा वाचली होती, की मलाही पाठ झाली. आपल्याकडे ते कधी येईल, कुणाला मिळेल, काही ठाऊक नाही. हर्षालीचं म्हणणं, कुणीतरी शिकायला पाहिजे ना. पुण्याची जागा एकच होती. तिच्या मॅडमनी सांगितलं होतं, वाचलेले जंतू घेऊन ये, त्यांच्यावर पुन्हा व्हायरस सोडून दाखव, तरच नाव पुढे पाठवते.

कॉलेजला सुटी लागली आणि तिथला फ्रीज बिघडला. मॅडम म्हणाल्या, दह्याचे जंतू आहेत, घरी नेलेस तरी चालतील. बाटली आमच्या फ्रीजमध्ये आली.

आणि आमच्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

मे महिन्यातली गोष्ट. समुद्राचा वारा पडलेला, घरात बसलं तरी घाम. वीज गेली ती गेलीच. आळीतलं सगळं दूध नासलं. दह्याला बुरशी आली, कुणाच्या दह्याला तार सुटली. फक्त हर्षालीची बाटली ठणठणीत. भालूनं तिच्यासाठी सातपाटीच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणली होती. मासळीच्या डब्यात बर्फ घालून त्यात ती बाटली पुरून ठेवली होती. शेजारी तांबड्या बुचाची दुसरी छोटी बाटली होती. तिच्याबद्दल हर्षालीनं मला बजावलं होतं, “याला हात लावायचा नाय.” मी लावला नाही. दह्याच्या बाटलीबद्दल ती काही बोलली नव्हती. (नंतर ती म्हणाली, “दोन्ही बाटल्यांबद्दल बोलले होते.” असेल. माझं वय झालं आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षाली मोबाइल चार्ज करायला आणि मॅडमना भेटायला पालघरला गेली. ती गेली आणि कुंदा वाटी घेऊन आली. कुंदा म्हणजे आमच्या शेजारची, वय पन्नास, तोंड त्याहून जुनं.

“काकी, विरजण हाय का जरा? दूध ताजं आणलंय, पण जुनं दही सगळं फुकट गेलं.”

आता आमच्याकडे विरजणाला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं परत पाठवत नाहीत. माझ्या सासूनं कधी पाठवलं नाही, मी कधी पाठवलं नाही. घरचं दही तर मोरीत गेलं होतं. मी बर्फाचा डबा उघडला. बाटली काढली. बूच काढून वास घेतला. चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं.

खोटं का बोलू, इतकं सुंदर दही मी आयुष्यात लावलं नव्हतं. घट्ट. गोड. सुरीनं कापावं असं. मी म्हटलं, बाटली भरलेली आहे, चमचाभरानं काय होतं. नंतर घरी पुन्हा लावून ठेवू.

कुंदानं बोट लावून चाखलं. “अगो बाय. काकी, हे तुमच्या हातचं?”

इथं मी “नाय, हर्षालीच्या कॉलेजचं” असं म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, “मग कुणाच्या?”

कुंदा गेली आणि आळीत सांगून आली. मग एकेक बाई वाटी घेऊन यायला लागली. प्रत्येक बाई बोट लावून चाखायची आणि प्रत्येक बाई तेच विचारायची, आणि मी तेच उत्तर द्यायची. एकीला तर मी दूध किती कोमट हवं, भांडं कुठं ठेवावं, हेसुद्धा समजावलं. भालू कामाला निघाला तेव्हा त्याच्या डब्यातही एक वाटी दही घातलं. शेवटी बाटलीच्या तळाला राहिलं ते मी बोटानं पुसून खाल्लं. घरी पुन्हा लावायचं राहून गेलं. मी त्या दिवशी ताजं दूधच घेतलं नव्हतं.

विरजण नेलं की त्या घरी काहीतरी परत पाठवायचं, असंही आमच्याकडे आहे. दुपारपर्यंत माझ्या पडवीत चिकू, जांभळं आणि कुणाकडचे दोन नारळ जमा झाले. मला फार बरं वाटत होतं.

मग माझा फोन वाजला. माझा बटणांचा फोन, त्यात चार्जिंगची एकच काडी राहिली होती. सुरेखा होती.

“आजी, हर्षालीचा फोन बंद लागतोय. ती कुठं हाय?”

“पालघरला. तिच्या त्या बाटलीतलं दही बाकी झकास हाय हो. मी आळीत वाटलं.”



“आजी, कुठलं दही? बर्फातलं? आजी, त्यात आम्ही व्हायरस टाकला होता.”

“काय टाकला होता?”

“व्हायरस. पण तो—”

आणि फोन मेला.

‘पण तो’च्या पुढे सुरेखा काय म्हणणार होती, ते मला संध्याकाळी कळलं. तो माणसाला काही करत नाही, दह्याच्या जंतूंनाच करतो, असं म्हणणार होती. हे हर्षालीनंही मला शंभरदा सांगितलं होतं. पण त्या घडीला माझ्या डोक्यात व्हायरस म्हणजे एकच. तोंडाला फडकी बांधून दारातून दूध घेतलेलं, आणि आळीच्या तोंडाशी आडवा बांधलेला बांबू. मी स्वतःच्या पोटाला हात लावून पाहिला. पोट ठीक होतं. मला वाटलं, अजून वेळ आहे.

मी पदर तोंडाला बांधला आणि निघाले.

पहिली कुंदा. तिचं दही छान लागलं होतं. ती ते मला दाखवायलाच येत होती, भांडं हातात घेऊन.

“फेकू नको,” मी म्हटलं, “नुसतं फेकलंस तर वाऱ्यावर पसरेल. आधी उकळतं पाणी ओत.”

“कशावर?”

“दह्यावर. त्यात व्हायरस हाय.”

कुंदानं माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे पाहिलं. “काकी, सकाळी तुमच्या हातचं होतं.”

“हर्षालीच्या कॉलेजातलं हाय.”

“सकाळी तुमच्या हातचं, दुपारी हर्षालीचं?”

“आधी पाणी तापव, मग बोल.”

ती तयार नव्हती. चांगलं लागलेलं दही कोण मारतं? मी तिच्या चुलीपाशी बसले, पाणी तापवलं आणि ओतून घेतलं. दही फाटलं, त्याच्या गुठळ्या झाल्या. कुंदा कुणाच्या मयताला आल्यासारखी त्या गुठळ्यांकडे बघत होती.

मग घरामागून घर. एके ठिकाणी कढी करायला घेतली होती. “उकळली का?” मी विचारलं. “उकळतेय.” “मग चालू दे.” एकीनं आधीच ताक करून प्यायलं होतं. तिला मी मिठाचं पाणी पाजून ओकायला लावलं. (ती बाई अजून माझ्याशी बोलत नाही.) एका घरी म्हातारा एकटा होता. त्यानं दही लावून ठेवलं होतं आणि झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. त्याच्या भांड्यात उकळतं पाणी ओतलं आणि झाकण ठेवून आले. उठल्यावर त्याला काय वाटलं असेल, ते मी विचारायला गेले नाही.

आळी पालथी घालून मी घरी आले. हातपाय धुतले. मला वाटलं, आपण मोठं काम केलं. भूक लागली होती म्हणून चिकू घेतला, आणि हर्षाली आली.

बाकी तुम्हाला ठाऊक आहेच.

सगळं सांगून झाल्यावर मी विचारलं, “म्हणजे माणसं मरायची नव्हती?”

“एकपण नाय.”

“आणि जंतू?”

“ते सगळे मेले, आजी. व्हायरसनी वर्षभर मारले, त्यातून वाचलेले तू एका दुपारी मारलेस.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्या माणसाला उलटं बोलता येतं. ही नुसती तांबड्या बुचाची बाटली हातात फिरवत राहिली. व्हायरस तेवढा जसाच्या तसा होता. त्याला काही झालं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आळीत खरं काय ते पसरलं. कुंदा आली. मला वाटलं, समजूत घालायला आली.

“काकी, म्हणजे माझं दही चांगलं होतं?”

“चांगलं होतं.”

“आणि ते तुमी मारलंत.”

“मारलं.”

“बरं. विचारून ठेवलं.” आणि ती गेली.

भालू कामावरून आला तेव्हा आम्ही दोघी दोन बाजूंना तोंड करून बसलो होतो. त्याला सगळं सांगितलं. तो आधी घाबरला, कारण दही त्यानंही खाल्लं होतं. मग हर्षालीनं समजावलं तेव्हा तो बूट काढत म्हणाला, “मी वाटीभर नाय खाल्लं. थोडं रामसेवकनं नेलं.”

हर्षाली उठून उभी राहिली.

रामसेवक म्हणजे भालूच्या कंपनीतला कामगार, बिहारकडचा. डबा उघडल्यावर त्यानं दही चाखलं, म्हणाला असं दही गाव सोडल्यापासून खाल्लं नाही, आणि उरलेलं मागून घेतलं. खोली कंपनीच्या मागेच. जेवणाच्या सुटीत खोलीवर जाऊन दुधात घालून परत आला.

“त्याला फोन करा, बाबा.”

“ओव्हरटाइमला थांबलाय. आत प्लांटमध्ये मोबाइल नेऊ देत नाय. सकाळी सुटेल.”

“आणि खोलीत कोण असतं?”

“चारपाच जण असतात.”

चारपाच कामावरून आलेली माणसं आणि एक मडकं दही. हर्षालीनं हिशोब केला असणार. ती लगेच निघत होती, पण भालू म्हणाला, रामसेवक नसताना रात्री परक्यांच्या खोलीत शिरून दही मागायचं नाय. रात्री ती जेवलीसुद्धा नाही.

सकाळी आम्ही बोईसरला निघालो. मी यायची काही गरज नव्हती. मी तसं म्हटलंही. हर्षाली म्हणाली, “तू माझ्या डोळ्यांसमोर राहा. घरी राहिलीस तर अजून काय करशील सांगता येत नाय.” भालू मोटरसायकलवर पुढे गेला. मी आणि ती रिक्षानं पालघर आणि तिथून एसटीनं बोईसर. मांडीवर बर्फाचा डबा. शेजारची बाई विचारत होती, पापलेट कसं दिलं.

बोईसरला उतरलं की घशात एक वास येऊन बसतो. भालूच्या शर्टाला वर्षानुवर्षं तोच येतो. कंपनीच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती. भालू पुढे, हर्षाली मागे, मी त्यांच्यामागे. खोलीचं दार उघडं होतं. आत एक जण उकिडवा बसला होता. समोर ताटात पोहे भिजवलेले, गुळाचा खडा, आणि हातात मडकं, ताटावर कललेलं.

मी आयुष्यात कुणाच्या ताटापुढचं घेतलं नाही. त्या दिवशी घेतलं. पोरांना बाजूला करून मी आत गेले आणि मडक्याचा गळा धरला.

“ये दही खाने का नाय,” मी म्हटलं.

तो घाबरला. मडकं त्यानं सोडलं नाही, मीही सोडलं नाही. “काहे, माताजी?”

“अच्छा हय. इसलिए नाय खाने का.”

तेवढ्यात रामसेवक रात्रपाळीहून आला. डोळे लाल, हातात टोपी. त्यानं भालूला पाहिलं, मग माझ्याकडे आणि मडक्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला कळलं, आणि भालूलाही कळलं.

“भाई, एक चम्मच ही तो लिया था,” रामसेवक हळू म्हणाला. “अम्मा इतनी दूर से वापस लेने आईं?”

भालूनं जमिनीकडे पाहिलं. हर्षाली समजावायला लागली, “भैया, वो ऐसा है, इसमें एक वाय—” मी तिला चिमटा काढला. तो शब्द एकदा उच्चारला की दह्याचं काय होतं, ते मी पाहिलं होतं. चुलीवर त्यांचं चहाचं पाणी उकळतच होतं.

“हां,” मी म्हटलं. “हमारा दही हय. वापस पायजे.”

 रामसेवकनं मडकं त्या माणसाच्या हातातून सोडवून माझ्या हातात दिलं. तळाशी दोन चमचे असेल नसेल. “रात को सबने खा लिया होगा, माताजी. ये जामन के लिए रखवाया था, ये ससुरा वही खा रहा था.” (जामन म्हणजे विरजण.) मग त्यानं मडक्याच्या तोंडाला कागद बांधून दिला. हर्षालीनं ते बर्फात ठेवलं. दुपारपर्यंत साऱ्या कंपनीत झालं, की भालूची आई माहीमहून एसटीनं येऊन चमचाभर दही परत घेऊन गेली. भालूच्या डब्याला तिथं अजून कुणी हात लावत नाही.

घरी आल्यावर मला स्वयंपाकघरात यायची बंदी झाली. माझ्याच स्वयंपाकघरात. मी उंबऱ्याबाहेर पाट टाकून बसले. वीज आली होती. हर्षालीनं कोमट दुधाच्या दोन वाट्या घेतल्या. एकीत दुकानातल्या पिशवीचं दही, दुसरीत मडक्यातलं. मग तांबड्या बुचाची बाटली उघडून दोन्हींत व्हायरसचे थेंब टाकले.

“साधे जंतू असतील तर मरतील, दही लागणार नाय,” ती म्हणाली. “माझे असतील तर ओळखतील.”

“मडक्यात तुझेच असतील कशावरून? त्या खोलीत काय काय असेल.”

“म्हणून तर करून बघायचं.”

वाट्या तिनं तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या, उबेला. मग तीही येऊन माझ्या शेजारी बसली. आम्ही दोघी त्या डब्याकडे बघत बसलो. मधून मी उठायला गेले की ती माझा पदर धरायची. मला मोरीला जायचं होतं, तर मोरीपर्यंत सोबत आली.

“सुरेखाला सांगितलंस?” मी विचारलं.

“नाय. लागलं तर सांगेन.”

“आणि नाय लागलं तर?”

“तर पुढच्या वर्षी पुन्हा करीन.” तिनं हे इतकं सरळ सांगितलं, की मला पहिल्यांदा वाईट वाटलं. आळीतल्या दह्याबद्दल वाटलं नव्हतं तेवढं.

भालू कामावरून यायच्या सुमाराला तिनं डबा उघडला. पहिली वाटी कलंडवली. दूध काठापर्यंत वाहत आलं, पाण्यासारखं. मग दुसरी वाटी हातात घेतली आणि थोडा वेळ नुसती धरूनच ठेवली.

“कलंडव ना, बाय,” मी उंबऱ्याबाहेरून म्हटलं.

तिनं कलंडवली. काही हललं नाही. आणखी कलंडवली. वाटी पार आडवी झाली, तरी दही जागच्या जागी.

तिनं वाटी खाली ठेवली, मोबाइल घेतला आणि सुरेखाला फोन लावला. मी आत पाऊल टाकलं तेव्हा फोनवर बोलता बोलताच तिनं वाटी उचलली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

पुढे मॅडमनी कॉलेजात तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि हर्षालीचं नाव पुण्याला गेलं. ती आता तिथं आहे. परवा फोनवर सांगत होती, तिथल्या मोठ्या सरांनी विचारलं, हे जंतू व्हायरसमधून कसे वाचले ते कळलं, पण वहीत बाटलीभर होते ते पुढे दोन चमचेच कशानं उरले? तिनं काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही.

मी विचारलंही नाही. आळीत जेवढ्या वाट्या गेल्या त्यांतली एकही वाचली नाही. वाचलं ते बोईसरच्या रामसेवकचं मडकं, कारण ते कुठं आहे हे मला माहीत नव्हतं.